तुरा कुठे गेला?

जानेवारीत मॉन्ट्रियलहून भाच्याने फोटो पाठवला. दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, मधून फावड्याने काढलेली वाट आणि त्या वाटेवर एक पांढरी, अंगाने भरलेली कोंबडी. खाली एकच ओळ होती, ‘मावशी, हिचा तुरा कुठे गेला?’

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी आईने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. फोटो मी आधी तिलाच दाखवला. तिने चष्मा लावला, मोबाईल जरा लांब धरला आणि म्हणाली, “तलंग असेल. तुरा अजून फुटायचा असेल.” मग पुन्हा निरखून, “नाही गो, ही अंड्यावर आलेली मोठी कोंबडी आहे. तुरा कुणी कापला हिचा?”

कुणी कापला नव्हता. एका माणसाने दहा वर्षं खपून तो जवळजवळ नाहीसा केला होता. या कोंबडीच्या जातीचं नाव शाँतक्लेर. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली ही जात हाडं गोठवणाऱ्या थंडीत तग धरते, थंडीतही अंडी घालते आणि एकदा जगातून संपली म्हणून लोकांनी तिचा नाद सोडला होता. तिची गोष्ट वाचताना मला आमच्या खुराड्यातल्या कोंबड्याच नव्याने कळल्या, म्हणून ती सविस्तर सांगते.

तुरा असतो कशासाठी, तिथून सुरुवात करू. आपल्याला वाटतं शोभेसाठी. लालभडक, ताठ तुरा हे तब्येतीचं लक्षण आहेच, आणि कोंबडीही नर निवडताना तो पाहते. पण त्याचं रोजचं काम वेगळं आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. माणसाचा सणसणून ताप, तो तिचा नेहमीचा दिवस. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत, आणि अंगभर पिसांची दुलई. मग जास्तीची उष्णता जायची कुठून? जिथे पिसं नाहीत तिथून. म्हणजे तुरा, गळ्याखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या आणि पाय. तुऱ्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ऊन वाढलं की त्या रुंदावतात, गरम रक्त पातळ कातडीखालून फिरतं आणि वाऱ्याला थोडी उष्णता देऊन निवून परत जातं. गाडीच्या रेडिएटरचं काम हेच.

गोव्यात हा रेडिएटर वरदान आहे. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा २० अंशांच्या आसपास आला तरी आम्ही स्वेटर काढतो. क्वेबेकमध्ये त्याच पहाटे तो उणे २० च्या खाली उतरला तरी कुणाला नवल वाटत नाही. तिथे मोठा तुरा म्हणजे हिवाळ्याच्या रात्री सताड उघडी ठेवलेली खिडकी. थंडी वाढली की शरीर काळीज, यकृत, आतडी वाचवायला धावतं आणि टोकांकडचा रक्तपुरवठा आवळून धरतं. तुऱ्याची टोकं थंड पडतात, पेशींतलं पाणी गोठतं, पेशी फुटतात. आधी टोकं पांढुरकी दिसतात, मग काळी पडून वाळतात आणि गळून जातात. याला हिमदंश म्हणतात. कोंबडी झोपताना डोकं पिसांत खुपसते, त्यामुळे तिचा तुरा थोडाफार सांभाळला जातो. नराचा तुरा मोठा, म्हणून त्याला धोका जास्त. हिमदंश झालेल्या नराची फलनक्षमता घटते, मग वसंतात अंडी उबवायला ठेवली तरी अनेक पोकळ निघतात. गळ्याच्या पाळ्यांचं दुखणं आणखी वेगळं आहे. लांब पाळ्या पाणी पिताना भांड्यात बुडतात, ओल्या होतात आणि बाहेर आल्यावर तो ओलावा तिथेच गोठतो.

थंडीपेक्षा ओल घातक, हे तिथले कोंबडीपालक पुन्हापुन्हा सांगतात. थंडी वाजू नये म्हणून खुराडं घट्ट बंद केलं तर श्वासाची आणि विष्ठेची वाफ आत कोंडते आणि हिमदंश वाढतो. म्हणून कडाक्याच्या थंडीतही वरून हवा खेळती ठेवायची, पण कोंबडीच्या अंगावर थेट वारा येऊ द्यायचा नाही. हे वाचताना मला आमचा आषाढ आठवला. पावसाने खुराड्यातला भुसा ओला झाला की पिल्लांना रक्ती हगवण लागते. तिचे परजीवी ओलीतच फोफावतात. तेव्हा आईही हेच बजावते, वरून हवा आली पाहिजे, खालून कोरडं राहिलं पाहिजे.

आता त्या माणसाबद्दल. मॉन्ट्रियलच्या पश्चिमेला ओका नावाचं गाव आहे. तिथे ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ होता. प्रार्थना आणि अंगमेहनत हा त्यांचा नेम, म्हणून मठाला शेती होती, जनावरं होती. ओकाचं चीज आजही प्रसिद्ध आहे. गोव्यातल्या वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही पोर्तुगीज काळात जेझुइट पाद्रींनीच आंब्याची कलमं बांधली, आणि आपण मानकुरादवर जीव टाकतो त्यामागे त्या कलमांची परंपरा आहे. ओकाच्या मठात कोंबड्या सांभाळणाऱ्या ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. कॅनडात पाळल्या जाणाऱ्या सगळ्या जाती युरोपातून किंवा अमेरिकेतून आलेल्या होत्या. कॅनडाच्या हिवाळ्यासाठी घडवलेली, कॅनडाची म्हणावी अशी एकही नव्हती.

१९०८ मध्ये त्यांनी पहिले संकर केले. एका बाजूला कॉर्निश नर आणि पांढरी लेगहॉर्न कोंबडी. दुसऱ्या बाजूला ऱ्होड आयलंड रेड नर आणि पांढरी वायनडॉट कोंबडी. पुढच्या हंगामात पहिल्या जोडीच्या तलंगांना दुसऱ्या जोडीचे नर लावले. त्यांच्या निवडक पिल्लांत नंतर पांढऱ्या प्लिमथ रॉकचं रक्त आणलं. यातल्या प्रत्येकाकडून काहीतरी हवं होतं. लेगहॉर्न अंड्यांची राणी, पण तिचा तुरा एवढा मोठा की एका बाजूला कलंडतो. कॉर्निशची छाती रुंद, मांस भरपूर, तुरा बारीक. वायनडॉटचा तुरा डोक्याला चिकटून बसणारा. ऱ्होड आयलंड आणि प्लिमथ रॉक ही कणखर, अंडं-मांस दोन्ही देणारी घरगुती जनावरं.

संकर करणं हा सोपा भाग. खरं काम त्यानंतरच्या वर्षांत झालं. दर वर्षी पिल्लं काढायची, त्यांतली मोठ्या तुऱ्याची, सुस्त, हिवाळ्यात अंडी बंद करणारी बाजूला करायची आणि उरलेल्यांची पुन्हा जोडी लावायची. १९१८ मध्ये ही कोंबडी लोकांसमोर आली आणि १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या अधिकृत जातींच्या ग्रंथात तिची नोंद झाली. नाव ठेवलं शाँतक्लेर. फ्रेंचमध्ये ‘शाँते’ म्हणजे गाणं आणि ‘क्लेर’ म्हणजे स्वच्छ, स्पष्ट. खणखणीत बांग देणारा, असा अर्थ. जुन्या फ्रेंच लोककथांत कोल्ह्याशी ज्याची गाठ पडते त्या कोंबड्याचं हेच नाव आहे.

तुरा लहान कसा झाला, हा या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग, आणि तो समजायला अवघड नाही. आमच्या गावठी कोंबड्यांचा करवतीसारखा दातेरी तुरा, त्याला एकपदरी म्हणू. दुसरा गुलाब तुरा, रुंद, चपटा, वर बारीक पुटकुळ्या असलेला. वायनडॉटचा तो. तिसरा वाटाणा तुरा, बुटका, तीन बारीक रांगांचा. कॉर्निशचा तो. इंग्लंडमधले जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी या तुऱ्यांवरच प्रयोग केले आणि मेंडेलने वाटाण्याच्या झाडांत शोधलेले आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे १९०२ मध्ये दाखवलं. पुढे एक गंमत लक्षात आली. गुलाब आणि वाटाणा तुऱ्यांचा संकर केला तर पिल्लांना ना गुलाब येतो ना वाटाणा. येतो तिसराच, अक्रोडाच्या कवचासारखा गोळीदार तुरा. आणि या अक्रोडवाल्यांचाच आपसांत संकर केला की दर सोळा पिल्लांमागे साधारण नऊ अक्रोड, तीन गुलाब, तीन वाटाणा आणि एक एकपदरी, असा हिशेब निघतो.

याचा अर्थ असा. तुऱ्याचा आकार एका ठिकाणाहून ठरत नाही. गुलाबाची कळ, म्हणजे जनुक, वेगळी, वाटाण्याची वेगळी. दोन्ही दाबल्या तर अक्रोड. दोन्ही बंद राहिल्या तर एकपदरी. शाँतक्लेरचा तुरा या अक्रोडाच्याच कुळातला, पण आणखी गुळगुळीत आणि ठेंगणा, छोट्या उशीसारखा डोक्यावर टेकलेला. त्याला उशी तुराच म्हणतात. गळ्याच्या पाळ्याही नावालाच. गोठायला काही उरलंच नाही.

मग प्रत्येक कळपात एखादं पिल्लू दातेरी तुऱ्याचं का निघतं, हा पाळणाऱ्यांचा जुना प्रश्न. प्रत्येक कळेच्या दोन मात्रा असतात, एक आईची, एक बापाची. एकच मात्रा असली तरी तुरा बदलतो, आणि एकपदरीपणा मागे दडून राहतो. पिढ्या उलटल्यावर दोन दडलेले एकत्र आले की तो वर येतो. गुलाब तुऱ्याच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे, आणि ते २०१२ मध्ये उलगडलं. ज्या बदलामुळे गुलाब तुरा येतो, त्याच बदलात शुक्रजंतूंच्या हालचालीसाठी लागणारी एक सूचना मोडते. ज्या नराकडे गुलाबाच्या दोन्ही मात्रा, त्याचे शुक्रजंतू मंद. एकच मात्रा असलेला नर त्याच्यावर मात करतो आणि दडलेला एकपदरीपणा पुढे पोचवतो. म्हणून चोख गुलाब तुऱ्याचा कळप राखणं इतकं कष्टाचं.

आता जरा आपल्या बाजूला येऊ. कॉर्निश ही जात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली खरी, पण तिचं जुनं नाव ‘इंडियन गेम’. भारतातून नेलेल्या असील या झुंजार जातीपासून ती एकोणिसाव्या शतकात तयार झाली. असीलचा तुरा वाटाण्याचा. म्हणजे क्वेबेकच्या बर्फात त्या कोंबडीचं डोकं वाचवणाऱ्या दोन कळांपैकी एक आपल्याकडच्या असीलकडून पोचलेली आहे.

दुसरा धागा तर आमच्या घराच्या मागे आहे. म्हादईच्या रानाच्या कडेला पहाटे राखाडी रानकोंबडा आरवतो. गावठी कोंबड्याच्या आरोळीसारखी त्याची हाक लांबत नाही, तुटक तुटक येते. कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याची कातडी पांढुरकी. मग आपल्या ओळखीच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या कुठून आल्या? २००८ मध्ये संशोधकांनी पिवळ्या कातडीचं जनुक तपासलं, तेव्हा ते तांबड्याशी जुळेना. जुळलं ते राखाडी रानकोंबड्याशी. हा पक्षी मूळचा भारतीय द्वीपकल्पाचाच, दुसरीकडे तो रानात सापडत नाही. कधीतरी फार पूर्वी आपल्याकडे पाळीव कोंबडी आणि राखाडी रानकोंबडा यांचा संकर झाला आणि त्या पिवळेपणाचा प्रवास सुरू झाला. लेगहॉर्न, वायनडॉट, प्लिमथ रॉक, सगळ्यांचे पाय पिवळे. शाँतक्लेरचेही. भाच्याला मी लिहिलं की फोटो मोठा करून पाय बघ. त्या बर्फात रोवलेल्या पिवळ्या तंगड्यांत आपल्या सह्याद्रीचं काहीतरी आहे. आईला हे सांगितल्यावर तिने तोच फोटो पुन्हा मागून घेतला.

हिवाळी अंड्यांचं सूत्र थोडक्यात सांगते. कोंबडीचं अंडं थंडीपेक्षाही उजेडावर चालतं. दिवस मोठा असला की तिच्या मेंदूकडून अंडाशयाला निरोप जातो. गोव्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे सव्वाअकरा तासांचा, म्हणून आपल्याला हा फरक फारसा जाणवत नाही. ओकाला डिसेंबरच्या शेवटी दिवस असतो जेमतेम पावणेनऊ तासांचा. तेवढ्या उजेडात बहुतेक कोंबड्या दुकान बंद करतात. दर हिवाळ्यात घालत राहणाऱ्या कोंबड्यांचीच पिल्लं पुढे न्यायची, एवढा एकच नियम ब्रदर विल्फ्रिडनी नेटाने पाळला असता तरी जात बदलली असती. त्यांनी तो तुऱ्याच्या निवडीबरोबरीने पाळला.

एवढी उपयोगी जात दुर्मीळ का झाली? दुसऱ्या महायुद्धानंतर कोंबडी अंगणातून शेडमध्ये गेली. शेडमध्ये हिटर आले, दिवे आले. थंडी सोसण्याचा गुण बिनकामाचा ठरला. अंड्यांसाठी वर्षाला तीनशेच्या घरात जाणारी संकरित लेगहॉर्न आणि मांसासाठी सहा आठवड्यांत तयार होणारा ब्रॉयलर, यांच्यापुढे दोन्ही कामं बेताने करणारी कोंबडी टिकेना. १९७९ च्या सुमाराला ती नामशेष झाली असं मानलं गेलं. नंतर कळलं की काही लहान शेतकऱ्यांच्या अंगणात ती अजून दाणे टिपत होती. कुणी त्यांची मोजदाद केली नव्हती, एवढंच. त्या उरलेल्या कळपांतून जात पुन्हा उभी राहिली, आणि १९९९ मध्ये क्वेबेकने कायदा करून कॅनेडियन घोडा आणि कॅनेडियन गाय यांच्याबरोबर शाँतक्लेरला प्रांताच्या शेतीवारशात मान दिला.

आंब्याचं उदाहरण इथे मला पुन्हा उपयोगी पडतं. मानकुरादची बाठ पेरली तर मानकुराद येईलच असं नाही, म्हणून आपण कलम करतो. एक चांगलं झाड उरलं तरी त्याच्या फांद्यांवरून शेकडो तशीच झाडं उभी राहतात. कोंबडीला कलम नाही. प्रत्येक पिल्लू बाठीपासूनच आलेलं. म्हणून एक उत्तम कोंबडी उरून जात वाचत नाही. त्यासाठी कळप लागतो, तोही एकमेकांशी फार जवळचं नातं नसलेला. दहा कोंबड्या आणि एकच नर ठेवला, त्याच्या मुलींना त्याचाच मुलगा लावत गेलो, तर काही पिढ्यांत अंडी कमी फुटतात, पिल्लं किडकिडीत निघतात. दुर्मीळ जात पाळणारे लोक म्हणून नरांची अदलाबदल करतात आणि कुणाचा नर कुणाकडे गेला याची वही ठेवतात.

भाच्याने विचारलंच, “मावशी, दोन अंडी आणू का?” मी नको म्हटलं. परदेशातून उबवणीची अंडी आणायला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा परवाना लागतो, हे एक. पण परवाना मिळाला तरी मी नकोच म्हणेन. आमचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ३३-३४ वर, आणि हवा इतकी दमट की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. तुरा नाही, पिसं दाट, अशा कोंबडीला उष्णता टाकायला एकच वाट उरते, चोच उघडून धापा टाकणं. धापेने घशातला ओलावा उडतो आणि थोडं निवतं. पण हवाच पाण्याने भरलेली असेल तर ओलावा उडणार कसा? शिवाय सारखी धाप लागली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, त्याला हाच कच्चा माल लागतो. तो कमी पडला की कवच पातळ होतं. उन्हाळ्यात कागदासारख्या कवचाची अंडी तुमच्याही हाताला लागली असतील. चुन्याची उणीव हे एक कारण असू शकतं, पण धाप हेही मोठं कारण आहे. त्या दिवसांत भरदुपारी दाणे टाकू नयेत, पचनाची उष्णता त्यात भर घालते. सकाळी लवकर आणि संध्याकाळी टाकावेत, आणि पाणी सावलीत, दोनदा बदलून ठेवावं.

आमच्या गावठी कोंबड्यांकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. अंग हलकं, पाय लांब, तुरा उभा, पिसं विरळ. शाँतक्लेरला नेमकं जे काढून टाकावं लागलं, ते सगळं यांच्याकडे जपलेलं. उघड्या मानेची एक कोंबडी आहे. शेजारच्या पोरी तिला हसतात. मानेवर पिसं न येण्याचा हा गुण एका जनुकाचा. त्याची एक मात्रा असली तर अंगावरची पिसं साधारण पाचव्या हिश्श्याने कमी, दोन असल्या तर जवळपास चाळीस टक्क्यांनी. उष्ण प्रदेशासाठी हा गुण इतका मोलाचा की बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेच्या देशी कोंबडीवरून ‘हितकारी’ नावाची जात तयार केली. पुढच्या वेळी अंडी रवणीवर, म्हणजे उबवायला, बसवताना त्या कोंबडीची अंडी आधी ठेवायची, असं मी ठरवलं आहे.

वनराजा, ग्रामप्रिया या हैदराबादच्या सरकारी संस्थेने तयार केलेल्या सुधारित कोंबड्या आता गावोगाव आहेत. त्या अंडी जास्त देतात, घरखर्चाला हातभार लावतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. पिल्लं हवी तर पुन्हा विकतच आणायची. त्यांचा नर गावठी कळपात मोकळा सोडला की दोन-तीन वर्षांत रवणीला बसणारी कोंबडी शोधावी लागते. आमच्या वाड्यावर हे झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून दोन्ही ठेवायच्या असतील तर नर वेगळे कोंडावेत.

आणि वही मीही सुरू केली आहे. शाळेची जुनी, निम्मी कोरी होती ती. पहिल्या पानावर आईने सांगितलेलं लिहिलं, कुठली कोंबडी कुठल्या कोंबडीची, जेवढं तिला आठवलं तेवढं. दोन वर्षं आमच्याकडे एकच नर आहे, तांबूस, मोठ्या तुऱ्याचा, भरदुपारीही फणसाखाली उभा राहून आरवणारा. तो गणपती झाले की डिचोलीला मावसबहिणीकडे जाईल. तिच्याकडचा काळा, उघड्या मानेचा आमच्याकडे येईल. आईने एकच अट घातली आहे, येणारा कोंबडा आठवडाभर वेगळ्या डालग्याखाली राहील, मानमोडीचा रोग घेऊन आला असेल तर आधी कळलं पाहिजे.